शुक्रवारची गाडी

एका घराण्याची अब्रू त्याच्या गाडीच्या आवाजात असते, हे मला वयाच्या सतराव्या वर्षी सलालाहमध्ये कळलं. सांगणारी माणसं वयाने मोठी होती, त्यांच्या पांढऱ्या झग्यांना कडक इस्त्री होती आणि सांगताना त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला होता. शंका घ्यायला जागा नव्हती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गाडी जॅकवर चढवली, पाठीवर सरकत तिच्याखाली गेले आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन हात पुसत म्हणाले की उरल्या अब्रूला तीन भोकं पडली आहेत, त्यातल्या एकात करंगळी जाते. हे ते अर्थातच मराठीत म्हणाले, आणि ऐकायला हमीदचाचा आणि मी एवढेच होतो. मालकांना त्यांनी हिंदीत सांगितलं की सायलेन्सर, आणि त्याच्या पुढची-मागची सगळी नळी, बदलावी लागेल.

अण्णा मूळचे गुहागरकडचे. सलालाहमध्ये ते सालिम अर्बाबांच्या गॅरेजात फोरमन होते. फोरमन हा हुद्दा व्हिसावर लिहिलेला होता. त्यांच्या हाताखाली एकच माणूस होता, हमीदचाचा, आणि आपण कोणाच्या हाताखाली आहोत असं हमीदचाचांना कधी वाटलं नाही. ते दाभोळचे. वेल्डिंग त्यांच्याकडे असे. काळ्या काचेचा चष्मा सापडला नाही तर ते सरळ डोळे मिटून वेल्डिंग करत, आणि तेच जास्त सरळ येतं असं त्यांचं म्हणणं होतं. गॅरेजच्या मागे आमच्या दोन खोल्या, आणि खोल्यांच्या मागे नारळाची बाग. दिवसभर घरात कॉम्प्रेसरचा आवाज असे. तो भरत आला की धापा टाकी आणि भरला की एक सुस्कारा सोडून गप्प होई. आई त्या सुस्काऱ्यावर भात चढवायची. अधूनमधून पत्र्यावर नारळ पडे. इथल्या नारळाला पाणी भरपूर पण खोबरं पातळ, हा आक्षेप आई नारळ फोडताना रोज नोंदवत असे, आणि नोंदवून झाला की खवायला बसत असे. तारली मात्र तिला मान्य होती. तारलीचं तिखलं आठवड्यातून तीनदा व्हायचं. किनाऱ्यावर मैलभर तारली वाळत घातलेली दिसे, आणि ती माणसांसाठी नसून गुराढोरांसाठी असते हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा आईला रडू आलं होतं.

अर्बाब म्हणजे मालक, आणि मालक म्हणजे ज्याच्या सहीवर आपण त्या देशात असतो तो माणूस. त्या वर्षी आमची मुदत खरीफ संपता संपता संपत होती. खरीफ हा तिथला पावसाळा. त्यात पाऊस असा पडत नाही, तीन महिने हवाच ओली असते. मी इंडियन स्कूलमध्ये बारावीला होते. सही झाली तर माझी परीक्षा तिथे होणार होती; नाही झाली तर मधल्या सत्रात गाठोडं बांधून गावी, आणि तिथे मधल्या सत्रात कोणी घेणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलं. अडचण अशी की नव्या रस्त्यावर काचेच्या भिंती असलेलं मोठं वर्कशॉप उघडलं होतं, आणि आपलं जुनं गॅरेज ठेवावं की बंद करावं याचा सालिम अर्बाब विचार करत होते. अण्णांनी तीनदा विचारलं होतं. तीनदा ते इन्शाल्ला म्हणाले होते. त्या एका शब्दाच्या छटा आमच्या घरात जितक्या बारकाईने तपासल्या गेल्या तितक्या कोणत्याही कवितेच्या तपासलेल्या मी पुढे पाहिल्या नाहीत, आणि मी आयुष्यभर कविताच शिकवल्या.

गाडी सालिम अर्बाबांच्या वडिलांची होती. त्यांना सगळे मोठे अर्बाब म्हणत. साईच्या रंगाची, लांब नाकाची, इंग्रजी बनावटीची ती गाडी त्यांनी तरुणपणी बोटीने मागवली. ती किनाऱ्यावर उतरवल्यावर लक्षात आलं की गावात रस्ता नाही. मग ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर ती चालवायची आणि भरतीच्या आत घरी आणायची असा शिरस्ता पडला. तिच्या मागच्या सीटवर कोणकोण थोर माणसं बसून गेली हे सांगणारे पुष्कळ होते. मी मनातल्या मनात एकदा मोजदाद केली तेव्हा चाळीसच्या वर गेली, आणि त्यातले निम्मे एकाच दिवशी बसले होते. सीट तिघांची होती.

आता मोठे अर्बाब नव्वदीला आले होते आणि डोळ्यांनी त्यांना दिसत नव्हतं. गाडी आमच्या गॅरेजात असे. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सालिम अर्बाब ती स्वतः चालवत जुन्या घरापर्यंत नेत. अंतर चालत दहा मिनिटांचं. अंगणात चिंचेखाली मोठे अर्बाब चटईवर लोडाला टेकून बसलेले असत, भोवती पाहुणे, काहवा, खजूर, लोबानाचा धूर. गाडी कोपऱ्यावर यायच्या आतच ते काठी वर उचलत आणि म्हणत, “आली.” सगळे माशाल्ला म्हणत. डोळे गेले पण कान बघा, असं एकमेकांना सांगत. पाहुण्यांना हे दाखवायला मुद्दाम आणत. घराण्याची अब्रू ती हीच.

सायलेन्सर सडला तो या मानानेच, असं अण्णांचं निदान होतं. इंजिन सुरू झालं की नळीत पाणी धरतं. गाडी लांब पळाली तर नळी तापते आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. पण ही गाडी दर शुक्रवारी मिरवणुकीच्या चालीने पाच मिनिटं जाई आणि पाच मिनिटं येई. नळी कोमट होऊन पाणी आतच राही. वरून समुद्राची हवा. वर्षातून चारदा तरी हिला डोंगरावर पळवून आणा, असं अण्णांनी पूर्वीच सुचवलं होतं. उंटांच्या मधून त्या गाडीने धावायचं या कल्पनेने अर्बाब दुखावले होते. म्हणून ती मानाने जपली गेली आणि आतून कुजत गेली. हल्ली मी सत्कार समारंभांना जाते तेव्हा व्यासपीठावरच्या काही लोकांकडे पाहून मला ही नळी आठवते, पण ते असो.

त्या वर्षी मस्कतहून जुन्या गाड्यांचा एक ताफा खरीफ पाहायला यायचा होता. त्यासाठी स्थानिक स्वागत समिती होती, समितीला अध्यक्ष होते आणि अध्यक्षांना खांद्यावरून घ्यायचा हिरवा पट्टा होता. ठरलं असं की ताफ्याने मोठ्या अर्बाबांच्या अंगणासमोर थांबायचं, मग कोपऱ्यावरून ही गाडी यायची, मोठ्या अर्बाबांनी काठी उचलायची आणि मिरवणूक निघायची. आणि त्याच्या तीन आठवडे आधी, एका शुक्रवारी परत येताना, सायलेन्सर रस्त्यावर पडला. दोन रिक्षांचा मागचा भाग एकत्र पडल्यासारखा आवाज झाला. सालिम अर्बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. थोर घराण्यातली माणसं पडलेल्या वस्तूकडे बघत नाहीत. तो उचलून आणायला हमीदचाचा गेले. “मिस्त्री,” ते अण्णांना म्हणाले, “हा सायलेन्सर नाय. हा मासळी धरायचा जाळा हाय.”

इंग्लंडहून नवा मागवायला तीन महिने लागणार होते. मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारात फोन करून पाहिला, तिथल्या जुन्या व्यापाऱ्याने गाडीचं नाव ऐकून आधी सलाम पाठवला आणि मग नाही म्हणून सांगितलं. काचेच्या वर्कशॉपवाल्यांनी तर अशा गाडीला हात लावायलाच नकार दिला. अण्णांनी अर्बाबांना शब्द दिला की आम्ही इथेच बनवू. अर्बाब गाडीवर हात ठेवून म्हणाले, हे काम झालं की कागदाचं बघू. या वेळी ते इन्शाल्ला म्हणाले नाहीत, आणि त्याचा अर्थ काय यावर आई-अण्णांचं रात्रीचं जेवण गार झालं.

नळी वाकवायची म्हणजे तिच्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची आणि तापवून वाकवायची. पोकळ वाकवली तर वळणावर चेपते. पण वाळू कोरडी हवी. जरा ओली राहिली की आत वाफ धरते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. पहिलं बूच सुटलं ते हमीदचाचांच्या टोपीवरून गेलं. खरीफात सबंध सलालाहमध्ये, वाळवंटाच्या देशात, कोरडी म्हणावी अशी मूठभर वाळू नव्हती. तेव्हा अण्णांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. लोखंडी कढई द्यायला आईने साफ नकार दिला. मग अण्णा तिच्या देखत पत्र्याच्या घमेल्यात, मोठ्या आचेवर, न हलवता वाळू भाजू लागले. पाच मिनिटं तिने ते सहन केलं. मग उठली, गॅस बारीक केला, कढई चढवली आणि उलथनं माझ्या हातात दिलं. “दाणे भाजतो तशी भाज,” ती म्हणाली. “खालून वर.”

तीन दिवस मी वाळू भाजली. शाळेतून आले की कढई. वाळूतले शिंपल्यांचे तुकडे तडतडत, घरभर समुद्राचा वास सुटे, आणि आई मधूनच येऊन चिमूट घेऊन बोटांत चोळून बघे आणि म्हणे, अजून कच्ची आहे. आश्चर्य म्हणजे ती कच्ची असे. आईने पसंत केलेल्या वाळूचं एकही बूच उडालं नाही. हमीदचाचा दारात घमेलं घेऊन उभे राहत आणि विचारत, “भाबी, झाली का खमंग?” पुढे महिनाभर आमच्या घरात प्रत्येक पोळी कचकचत होती. अण्णांनी एकदाही तक्रार केली नाही. ते नुसते पाणी पीत.

नळी सुरेख झाली. इंजिनापासून खाली उतरणारं वळण, मागच्या आसावरून जाणारी कमान, सगळं जुन्या नळीवर ठेवून जुळवलेलं. मग सायलेन्सरचा डबा. आत भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती पोलादी तारांचा पिंजलेला थर हवा, तो आवाज शोषतो. तसा थर मिळेना, म्हणून गावातल्या सगळ्या किराणा दुकानांतून भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणल्या. मी आणि आई त्या उसवत बसलो. अण्णांचं एक तत्त्व होतं: आवाज म्हणजे यंत्राने केलेली तक्रार, आणि चांगल्या मिस्त्रीच्या हातच्या यंत्राला तक्रारीला जागा नसते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सायलेन्सर संपूर्ण आपल्या हाताने बनवायला मिळाला होता. त्यांनी जितक्या घासण्या बसतील तितक्या बसवल्या. गाडी सुरू केली तेव्हा हमीदचाचांनी दोनदा विचारलं, सुरू झाली का म्हणून. संध्याकाळी अण्णांनी दाढी केली.

मिरवणुकीच्या आधीच्या शुक्रवारी गाडी गेली. आई आणि मी बायकांच्या बाजूच्या जाळीआडून पाहत होतो. गाडी कोपऱ्यावर आली, वळली, चिंचेखाली येऊन उभी राहिली. एखादा ढग यावा तशी. काठी खालीच. इंजिन चालू होतं, पाहुणे उभे राहिले होते, सालिम अर्बाब दार उघडून वाट पाहत होते. मोठ्या अर्बाबांनी खणखणीत आवाजात विचारलं, आज गाडी का आली नाही? तिथे वीसेक माणसं होती. सगळ्यांनी खजूर घेतले.

सालिम अर्बाब गाडी परत घेऊन आले आणि किल्ली अण्णांच्या हातात देऊन हिंदीत म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही आवाज घालवलात. आवाज परत आणा. कागद नंतर.”

पुढचा आठवडा मी कधी विसरणार नाही. सायलेन्सर कापून निम्म्या घासण्या काढल्या, तर गाडी शिवणयंत्रासारखी वाजू लागली. सगळ्या काढल्या तर ट्रॅक्टर. मूळचा आवाज नेमका कसा होता यावर चर्चा बसली, आणि उघड झालं की तो कोणालाच आठवत नाही. अण्णांच्या मते तो धो-धो होता. हमीदचाचांच्या मते भक-भक, आणि मधे एक खोकला. अर्बाबांना बोलावलं तर त्यांनी डोळे मिटून घशातून असा काही गंभीर सूर काढला की तो गाडीचा आहे की नमाजाला बोलावणाऱ्याचा हे ठरेना. तीन पोक्त माणसं गॅरेजच्या मधोमध उभी राहून आळीपाळीने आवाज काढत होती, आणि प्रत्येकाची खात्री होती की बाकीचे दोघं चुकताहेत. मला हसू येत नव्हतं. आईने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती.

बुधवारी आईने नारळाच्या वड्या केल्या आणि मला घेऊन जुन्या घरी गेली. तिथे मोठ्या अर्बाबांजवळ त्यांची थोरली मुलगी राहत असे, विधवा, साठीची. आम्ही त्यांना नूरा खाला म्हणत असू. आईचा हिशेब सरळ होता: बहिणीच्या कानावर घालावं, बहीण भावाच्या कानावर घालेल. बायकांच्या खोलीतून अंगण दिसत होतं. मोठे अर्बाब चिंचेखाली एकटेच बसले होते. त्यांच्या पायाशी एक काळी शेळी, आणि शेळीचा दोर त्यांच्या घोट्याला बांधलेला. म्हातारपणाची सोबत, असं मी समजत आले होते. आई वड्यांचा डबा उघडत असताना कोपऱ्यावर एका लॉरीने फटाक्यासारखा आवाज केला. शेळी दचकून उडाली. दोराला हिसका बसला. मोठ्या अर्बाबांचा हात काठीकडे गेला, थांबला, आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, “नूरा, आज जुम्मा आहे का?” नूरा खाला उठल्या, बाहेर गेल्या, त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी ओरडल्या, आणि परत आल्या. मी त्यांच्याकडे बघत होते हे त्यांनी बघितलं.

मला अरबी बऱ्यापैकी कळे; नूरा खाला बोलत गेल्या तसं आईला मी सांगत गेले. मोठ्या अर्बाबांना चार वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. डाव्या कानाशी ओरडलं तर एकेक शब्द पोचे, बाकी काही नाही. माणसं त्यांच्याकडे बागेच्या हद्दीचे, विहिरीच्या पाळीचे, लग्नांचे वाद घेऊन येत. ते सगळ्यांना उद्या या म्हणत, आणि त्यांच्या सबुरीची तारीफ होई. जाळीआडून सगळं ऐकलेलं असे ते नूरा खालांनी. रात्री त्या कानाशी सांगत, दोघं मिळून ठरवत, सकाळी निवाडा होई. फक्त शुक्रवारी पुरुषांच्या बैठकीत त्यांना बाहेर येता येत नसे, म्हणून शेळी. जुन्या सायलेन्सरला ती घाबरायची. एरवी शेळीने दोर ओढला तर ती शेळी असे. शुक्रवारी नमाजानंतर ओढला तर ती गाडी असे. अण्णांच्या नव्या सायलेन्सरला घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

भावाला का सांगत नाही, असं मी विचारलं. नूरा खालांनी वडी तोंडात टाकली, खोबरं आमच्या बागेतलं का म्हणून विचारलं, आणि मग म्हणाल्या, “दिसत नाही तोवर लोक सल्ला विचारतात. ऐकूही येत नाही म्हटलं की विचारणं बंद करतील. मग ते नुसते बसून राहतील.”

हे लिहिताना मी मस्कतच्या अल् खुवैरमध्ये मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आहे, आणि माझ्या उजव्या कानात एक यंत्र आहे. त्याची बॅटरी उतरली की मी दोन दिवस कोणाला सांगत नाही, हसते आणि मान डोलावते. नात म्हणते, आजी, यू आर सो कूल, कशालाच नाही म्हणत नाहीस. नूरा खालांचं म्हणणं मला तेव्हा समजलं होतं असं मी धरून चालले होते. समजलं नव्हतं.

घरी येताना मी आईला म्हटलं, अण्णांना सांगून टाकू, बिचारे रात्रंदिवस आवाज शोधताहेत. खोटं काम अण्णांना चालत नसे. त्यांना सांगितलं असतं तर ते हात धुऊन सरळ सालिम अर्बाबांकडे गेले असते आणि खरं ते बोलून आले असते, आणि मग मोठे अर्बाब नुसते बसून राहिले असते. आई म्हणाली, “त्यांचं ते करू दे. आपण शेळीचं बघू.”

शेळीला सुकी तारली प्रिय होती. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात मूठभर घालून डबा खुळखुळवला की ती दोर तुटेस्तोवर ओढे. गुरुवारी आम्ही नूरा खालांकडे दोनदा करून पाहिलं. तिकडे अण्णांनी निम्म्या घासण्या पुन्हा भरल्या, आणि रात्री कधीतरी, सगळं हरल्यावर, डब्याच्या तळाशी आठ मिलिमीटरचं एक भोक पाडलं. गाडी हलकेच फुरफुरू लागली. हमीदचाचा म्हणाले, थोडा आवाज, थोडी शांतता, आता काय ते वरचा बघेल. अण्णांनी गाडीच्या टपावर हात ठेवून डोळे मिटले. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

शुक्रवारी अंगणासमोर मांडव होता, प्लास्टिकची फुलं होती आणि लाउडस्पीकर होता. लाउडस्पीकरचा विचार आम्ही तिघींपैकी कोणीच केला नव्हता. जुन्या गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेला येऊन थांबली, अध्यक्ष हिरवा पट्टा सावरत माइकपुढे आले, आणि माइकने कान फाटेल अशी शीळ घातली. शेळी हातभर उडाली. मोठ्या अर्बाबांनी काठी उचलली आणि म्हणाले, “आली.” सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या अण्णांचा चेहरा मला जाळीतून दिसत होता. गाडी अजून गॅरेजातच होती, सालिम अर्बाब तिच्यात बसून इशाऱ्याची वाट पाहत होते, आणि अण्णा उभ्या जागी म्हातारे होत चालले होते. कोणीतरी दबक्या आवाजात काही बोललं. काठी हळूहळू खाली आली.

मी डबा घट्ट धरून कोपऱ्यावर नजर लावली. नूरा खालांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्या तो दाबत होत्या, बहुधा वडिलांना खुणा करायच्या सवयीने. साईच्या रंगाचं नाक दिसलं न दिसलं तोच मी डबा खुळखुळवला. शेळीने मान फिरवली, विचार केला, तिचा तो विचार मला आजही फार लांबलेला वाटतो, आणि मग तिने जाळीच्या दिशेने अशी ओढ घेतली की मोठ्या अर्बाबांचा पाय चटईवरून सरकला. काठी वर गेली. “आली,” ते म्हणाले, आणि गाडी फुरफुरत कोपऱ्यावरून वळली.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी माइकवरून खुलासा केला. पहिल्यांदा मोठ्या अर्बाबांनी काठी उचलली ती गॅरेजात गाडीचं इंजिन सुरू झालं तेव्हा. एवढ्या अंतरावरून ते ऐकणारे कान आता निर्माण होत नाहीत. यंत्र आणि माणूस यांच्यातल्या नात्यावर ते पुढे पाऊण तास बोलले. मोठे अर्बाब मधूनमधून अल्हम्दुलिल्लाह म्हणत होते, आणि ते नेमकं योग्य ठिकाणी पडत होतं, कारण ते कुठेही योग्यच पडतं. शेळी सुकी तारली खात होती.

सालिम अर्बाबांनी आमच्या कागदांवर सही केली ती दुसऱ्या दिवशी, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. आईने मोठी बॅग माळ्यावर टाकली. शुक्रवारचा डबा पुढे नूरा खालांनी स्वतःकडे घेतला. मी बारावी झाले आणि पुण्याला शिकायला गेले. अण्णा त्या आठ मिलिमीटरच्या भोकाची गोष्ट अखेरपर्यंत सांगत राहिले: सात असतं तर कमी पडलं असतं, नऊ झालं असतं तर बिघडलं असतं. ऐकणारे मान डोलवायचे. आई त्या वेळी नेहमी चहा ठेवायला उठे. त्या भोकाने एक काम मात्र खरंच केलं. ते तळाशी असल्यामुळे आतलं पाणी निथळून जाई, आणि तो सायलेन्सर कधीच गंजला नाही.

दोन वर्षांनी नूरा खाला हजला गेल्या. त्या मक्केत असताना इकडे बकरी ईद आली, आणि घरात तयार शेळी होती. पुढच्या शुक्रवारी मोठ्या अर्बाबांनी काठी उचलली नाही, तेव्हा सालिम अर्बाबांनी अण्णांना बोलावून सायलेन्सर पुन्हा बदलायला सांगितला.